खोलीला टाइल्स किती लागतील? टेप लावण्यापासून बॉक्स मोजण्यापर्यंत

१० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. टाइल दोन बाय दोनची, म्हणजे ४ चौरस फुटांची. १२० भागिले ४, झाल्या ३० टाइल्स. बॉक्समध्ये ४ येतात, म्हणजे साडेसात बॉक्स. आठ आणू, दोन टाइल्स वर राहतील. बहुतेक घरांत हा हिशेब चहा संपायच्या आत उरकतो. मग काम निम्म्यावर आल्यावर मिस्त्री सांगतो की शेवटच्या ओळीला माल पुरत नाही, आणि दुकानात तो लॉट संपलेला असतो.

गुणाकार-भागाकारात इथे काहीच चूक नाही. गडबड अशी आहे की क्षेत्रफळाचा हिशेब जमिनीवर पसरणाऱ्या पाण्याला चालतो. टाइल अख्खी येते, ती कापावी लागते, आणि कापून उरलेला तुकडा दुसरीकडे कामाला येईलच असं नाही. म्हणून क्षेत्रफळ काढायचंच, पण तिथे थांबायचं नाही. त्याच खोलीला टाइल कशी बसवली यावरून ३२ लागतात की ४२, हे ठरतं. ते कसं, हे पुढे आकड्यांनिशी पाहू. आधी मापं.

कच्चा नकाशा आणि टेप

टेप हातात घेण्याआधी खोलीचा नकाशा कागदावर काढा. सुबक नसला तरी चालेल, पण प्रत्येक कोपरा, दार, खांब, कोनाडा, भिंतीतलं कपाट, बाल्कनीचा सरकता दरवाजा त्यात दिसला पाहिजे. माप घेतलं की ते त्याच भिंतीशेजारी लिहायचं. आकडे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून नंतर जुळवत बसलात, तर कुठलं माप कुठल्या भिंतीचं यावरून घरात वाद होणार हे नक्की.

माप जमिनीलगत घ्या. कमरेच्या उंचीवर टेप धरणं सोपं जातं, पण भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नसेल तर वरचं आणि खालचं माप वेगळं येतं, आणि टाइल बसणार खाली. टेप हवेत धरली तर मधे झोळ पडतो, तोही टळतो. जुनं स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेली पट्टी, काढून टाकणार असाल तर त्याची जाडी दोन्ही बाजूंना मोकळी होणार आहे, ती मापात मिळवा.

टेपच्या टोकाचा पत्र्याचा हूक थोडा मागेपुढे हलतो. तो सैल झालाय असं समजून ठोकून घट्ट करू नका. भिंतीला टेकवल्यावर तो आत सरकतो, कडेला अडकवल्यावर बाहेर येतो, आणि त्यामुळे हुकाची स्वतःची जाडी मापात घुसत नाही. दुसऱ्या टोकाला टेप कोपऱ्यात वाकवून आकडा अंदाजाने वाचणं ही नेहमीची सवय, आणि त्यात अर्धा इंच सहज इकडेतिकडे होतो. त्यापेक्षा टेपची डबी भिंतीला टेकवा, डबीच्या तोंडाशी दिसणारा आकडा वाचा आणि डबीची लांबी त्यात मिळवा. बऱ्याच डब्यांवर ती छापलेली असते. नाहीतर जमिनीवर मधे खडूची खूण करून दोन्ही भिंतींपासून तिथवर मोजा आणि बेरीज करा. लेझरचं यंत्र असेल तर ते मागच्या कडेपासून मोजतंय की पुढच्या, हे आधी तपासा. यंत्राची लांबीच मापातून गायब झाल्याचे प्रकार होतात.

लांबी तीन ठिकाणी मोजा: दोन्ही टोकांना आणि मधे. रुंदीही तशीच. तिन्ही आकडे सारखे आले तर भाग्य समजा. वेगळे आले तर हिशेबाला सर्वांत मोठा धरायचा, सरासरी नाही, कारण टाइल सर्वांत रुंद जागीही भिंतीपर्यंत पोचायला हवी. पण तिन्ही आकडे लिहून ठेवा. एका टोकाला १० फूट आणि दुसऱ्या टोकाला १० फूट २ इंच असेल, तर कडेची ओळ दोन इंचांनी निमुळती होणार, आणि ती कुठल्या भिंतीला ढकलायची हे मिस्त्रीला आधीच ठरवता येईल. कपाटाखाली किंवा दाराआडच्या भिंतीला ढकलली तर कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

समोरासमोरच्या भिंती सारख्या आल्या म्हणजे खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे असं होत नाही. ती एका बाजूला कललेल्या चौकटीसारखीही असू शकते. त्यासाठी दोन्ही कर्ण मोजा. १० बाय १२ च्या खोलीत कर्ण साधारण १५ फूट साडेसात इंच यायला हवा, आणि दोन्ही कर्ण सारखे हवेत. सामानामुळे कर्ण मोजता येत नसेल तर कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं की कोपरा काटकोनात.

फूट-इंचाचा सापळा

कॅल्क्युलेटरला इंच कळत नाहीत. १० फूट ६ इंच म्हणजे १०.५, १०.६ नव्हे. इंचांना १२ ने भागून मग फुटांत मिळवायचे. समजा खोली ११ फूट ७ इंच बाय १३ फूट १० इंच आहे. ११.७ गुणिले १३.१० केलं तर १५३ चौरस फूट येतात. खरा हिशेब ११.५८ गुणिले १३.८३, म्हणजे १६० चौरस फूट. सात चौरस फुटांची तूट, एवढ्यात जवळपास दोन टाइल्स मावतात.

माझं मत विचाराल तर माप मिलिमीटरमध्येच घ्या. टेपच्या दुसऱ्या कडेवर ते असतातच, आणि टाइलचं मापही मिलिमीटरमध्येच छापलेलं असतं. शेवटी चौरस फूट हवेच असतील तर चौरस मीटरला १०.७६४ ने गुणा.

वेडीवाकडी खोली, खांब, उंबरठा

एल आकाराच्या खोलीचे दोन आयत करा आणि बेरीज घ्या. १६ फूट ६ इंच बाय ११ फूट ३ इंचांचा हॉल आणि त्याला चिकटून ८ बाय ६ फूट ९ इंचांची जेवणाची जागा असेल, तर १८५.६ अधिक ५४, म्हणजे सुमारे २४० चौरस फूट. पडताळा म्हणून उलट करून पाहा: दोन्ही मिळून एक मोठा आयत धरा आणि त्यातून नसलेला तुकडा वजा करा. दोन्ही उत्तरं जुळायला हवीत. नाही जुळली तर एखादं माप चुकलंय.

तिरक्या कोपऱ्याचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंची भागिले दोन असं निघतं खरं, पण खरेदीसाठी तो कोपरा पूर्ण आयत धरलेला बरा. गोलाकार भिंतीचंही तसंच. तिथे टाइल कापली जाते आणि उरलेला तुकडा बहुतेकदा कचऱ्यात जातो.

वजाबाकी करताना हात आखडता घ्या. एका टाइलपेक्षा लहान खांब वजा करायचाच नाही, कारण त्याच्याभोवती बसायला अख्खी टाइलच कापावी लागते. भिंतीत कायम बसवलेल्या कपाटाखाली टाइल नको असेल तर तेवढं वजा करा. हलवता येणारं सामान मात्र कधीच नाही. पलंग आज इथे आहे, उद्या तिथे.

दाराची जागा हमखास विसरली जाते. फरशी भिंतीच्या आतल्या कडेला थांबत नाही, ती दाराच्या चौकटीत शिरते. ३ फूट रुंद दार आणि ९ इंच जाड भिंत असेल तर सव्वादोन चौरस फूट तिथेच लागतात. तिथे ग्रॅनाइटची वेगळी पट्टी टाकणार असाल तर प्रश्न मिटला, पण ते मापाच्या वेळीच ठरवा. दाराशी आहात तोवर फळीखालची फटही मोजून घ्या. जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवायची असेल तर टाइल आणि अॅडहेसिव्ह मिळून उंची १२ ते १५ मिलिमीटरने वाढते, आणि मग दार उघडत नाही म्हणून सुताराला बोलावणं येतं.

दोन बाय दोनची टाइल दोन बाय दोन नसते

जिला सगळे ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती टाइल प्रत्यक्षात ६०० बाय ६०० मिलिमीटर असते. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. फरक बोटभर, पण क्षेत्रफळात तो असा उतरतो: एक टाइल ४ नव्हे तर ३.८७५ चौरस फूट भरते, आणि चारचा बॉक्स १६ नव्हे तर १५.५. मोठ्या घरात हा तीन टक्क्यांचा फरक दोन-तीन बॉक्सवर जातो. म्हणून बॉक्सवर छापलेला चौरस मीटरचा आकडा धरा: १.४४ चौरस मीटर म्हणजे १५.५ चौरस फूट. ६०० बाय १२०० च्या दोन टाइल्सचा बॉक्सही तेवढाच भरतो.

खरा आकडा मांडणीतून निघतो

आता परत आपली १० बाय १२ ची खोली. मिलिमीटरमध्ये ती ३०४८ बाय ३६५८. टाइल ६०० ची आणि सांधा २ मिलिमीटरचा, म्हणजे एक टाइल ६०२ ची जागा खाते. रुंदीत पाच टाइल्स बसून सुमारे ४० मिलिमीटर उरतात. लांबीत सहा बसून तेवढेच उरतात. दोन्हीकडे बोटाच्या दोन-तीन पेरांएवढी चिंचोळी पट्टी!

क्षेत्रफळाने पाहिलं तर १२० भागिले ३.८७५, म्हणजे ३१ टाइल्स. त्यावर दहा टक्के वेस्टेज, म्हणजे कापाकापीत वाया जाणारा माल, धरलं तर ३४ ते ३५. नऊ बॉक्समध्ये ३६ येतात, सगळं छान दिसतं.

मिस्त्रीने एका कोपऱ्यातून अख्खी टाइल लावत सुरुवात केली, तर ३० अख्ख्या टाइल्स लागतील आणि दोन भिंतींना ४० मिलिमीटरच्या पट्ट्या. या पट्ट्या एका टाइलमधून बऱ्याच निघतात, म्हणून एकूण ३२ टाइल्समध्ये काम होतं. माल कमीत कमी लागला, पण दिसायला वाईट. चिंचोळ्या पट्ट्या कापताना तुटतात, नीट चिकटत नाहीत, आणि भिंत अर्धा-पाऊण इंच वाकडी असेल तर पट्टी एका टोकाला जवळजवळ नाहीशी होते.

चांगला मिस्त्री म्हणून काय करतो, तर खोलीच्या मधून रेघ मारून मांडणी सरकवतो. एक अख्खी टाइल कमी करायची आणि तिची जागा व ती ४० ची पट्टी मिळून दोन्ही कडांना वाटायची. ६०२ आणि ४० ची बेरीज भागिले दोन, म्हणजे दोन्ही भिंतींना ३२० मिलिमीटरचे तुकडे. खोली एकदम नेटकी दिसते. पण आता कडेच्या प्रत्येक तुकड्याला एक स्वतंत्र टाइल लागते, कारण ६०० मधून ३२० कापल्यावर उरतात २८० पेक्षा थोडे कमी, आणि त्यातून दुसरा ३२० चा तुकडा निघत नाही. रुंदीत सहा ओळी, लांबीत सात, एकूण ४२ टाइल्स. क्षेत्रफळाच्या हिशेबापेक्षा ११ जास्त. दहा टक्क्यांचं वेस्टेज इथे कुठल्या कुठे उडून जातं.

यातून पळवाटा आहेत. भिंती खरोखर सरळ असतील तर सांधे थोडे जाड ठेवून आणि कडेची फट स्कर्टिंगच्या जाडीखाली लपवून ती ४० मिलिमीटरची पट्टी पूर्णच टाळता येते. पाच मिलिमीटरचे सांधे धरले तर रुंदीत फक्त २८ मिलिमीटर उरतात, म्हणजे दोन्ही बाजूंना १४. टाइलचं स्कर्टिंग आणि त्यामागचा अॅडहेसिव्ह मिळून जवळपास तेवढं झाकतात. जमेल की नाही हे मिस्त्रीला भिंत दाखवूनच विचारायचं.

नाहीतर टाइलचं माप बदला. याच खोलीला ८०० बाय ८०० ची टाइल लावली तर रुंदीत तीन अख्ख्या आणि ६४० चा तुकडा, लांबीत चार अख्ख्या आणि ४५० चा तुकडा बसतो. मांडणी सरकवायची गरजच नाही. २० टाइल्समध्ये, म्हणजे १३८ चौरस फुटांत खोली होते. ४२ टाइल्सवाल्या मांडणीला १६३ चौरस फूट माल लागला होता. म्हणजे डिझाइन पसंत करण्याआधी खोलीची मापं टाइलच्या मापाने भागून पाहायची, उरलेला भाग अर्ध्या टाइलपेक्षा मोठा आला की निश्चिंत.

हे सगळं चौकटीच्या वहीवर दहा मिनिटांत होतं. एक चौकट म्हणजे एक टाइल. खोलीची सीमा आखा, अख्ख्या टाइल्स मोजा, तुकडे मोजा. अर्ध्यापेक्षा मोठा तुकडा म्हणजे एक टाइल. अर्ध्यापेक्षा लहान दोन तुकडे एकीतून निघतील असं धरा. पण टाइलवर एका दिशेने जाणारी शिर किंवा लाकडाचं टेक्स्चर असेल तर तेही धरू नका, कारण तुकडा फिरवून लावता येत नाही.

स्कर्टिंग

स्कर्टिंग चौरस फुटांत नाही, रनिंग फुटांत, म्हणजे नुसत्या लांबीत मोजतात. खोलीचा परीघ ४४ फूट, त्यातून ३ फुटांचं दार वजा, उरले ४१ रनिंग फूट. टाइलमधूनच १०० मिलिमीटरची, म्हणजे जवळपास ४ इंचांची पट्टी कापायची तर ६०० च्या टाइलमधून कागदावर सहा निघतात, प्रत्यक्षात पाचच, कारण कटरचं पातं प्रत्येक कापात थोडं खातं. ४१ फुटांना २१ पट्ट्या, म्हणजे पाच टाइल्स वेगळ्या.

पण मघाची ४२ टाइल्सवाली मांडणी आठवा. तिथे कडेच्या २२ टाइल्समधून प्रत्येकी सुमारे २७५ मिलिमीटर रुंद, ६०० लांब तुकडा उरतोय, आणि त्याची एक कड कारखान्यातूनच गुळगुळीत आलेली आहे. तीच कड वर ठेवून स्कर्टिंगची पट्टी निघते. म्हणजे ‘वाया’ गेलेल्या मालात जवळपास सगळं स्कर्टिंग होऊन जातं, वेगळ्या पाच टाइल्स लागत नाहीत. फक्त मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नाहीतर तुकडे संध्याकाळच्या मलब्यात जातात.

टक्क्यांवर कधी विसंबायचं

प्रत्येक खोलीचं चित्र काढायला वेळ नसेल तर टक्के वापरा, पण डोळे उघडे ठेवून. मोठ्या, चौकोनी खोलीत सरळ मांडणीला १० टक्के पुरतात. तिरकी, म्हणजे ४५ अंशांत मांडणी केली तर १५, कारण चारही भिंतींना त्रिकोणी तुकडे पडतात. मासळीच्या काट्यासारखी मांडणी असेल तर १५ ते २०. बाथरूमसारख्या छोट्या जागेत १५ च्या खाली जाऊ नका. नहाणी ट्रॅपकडे उतार द्यायला टाइल्स तिरप्या कापाव्या लागतात. संगमरवर आणि ग्रॅनाइटच्या लाद्यांना शिरा जुळवायच्या असतील तर त्याहून जास्त. टाइल मोठी आणि खोली लहान असेल तर मात्र टक्के अजिबात उपयोगाचे नाहीत, तिथे चित्रच काढायचं. जिन्यालाही टक्के लावू नका. पायरीचा माथा आणि उभा भाग वेगवेगळे मोजून पायऱ्यांच्या संख्येने गुणा.

फळ्या आणि रोल

लॅमिनेट किंवा लाकडी फळ्यांमध्ये एका ओळीच्या शेवटी उरलेला तुकडा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला लागतो, त्यामुळे वेस्टेज कमी, साधारण ५ ते १० टक्के. चारही भिंतींना ८ ते १० मिलिमीटर फट सोडावी लागते, लाकूड फुगतं म्हणून. शेवटची ओळ दोन इंचांपेक्षा अरुंद येत असेल तर पहिली ओळही कापून दोन्हीकडे सारखी विभागतात. दारात लागणाऱ्या जोडपट्ट्या वेगळ्या मोजा.

रोलमध्ये येणाऱ्या व्हिनाइल किंवा कार्पेटला चौरस फुटांचा हिशेब जवळजवळ निरुपयोगी आहे, तिथे रोलची रुंदी बघायची. आपली खोली ३.०५ बाय ३.६६ मीटर. रोल ४ मीटर रुंदीचा असेल तर ३.६६ ची बाजू रुंदीत बसवून ३.०५ मीटर कापून घ्यायचा, १२.२ चौरस मीटर माल, सांधा एकही नाही. रोल २ मीटरचा असेल तर दोन पट्टे लागतील. ते ३.०५ मीटरचे घेतले तर १२.२ चौरस मीटर, पण ३.६६ चे घेतले तर १४.६. खोली तीच, फक्त पट्टा आडवा टाकला की उभा. दोन्ही टोकांना कापून घ्यायला तीन-तीन इंच जास्त ठेवा आणि कार्पेटच्या सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेने येईल असं पाहा, नाहीतर दोन पट्टे दोन रंगांचे दिसतात.

बॉक्स मागताना

अनेक खोल्यांत एकच टाइल असेल तर प्रत्येक खोलीचे बॉक्स वेगळे पूर्ण करू नका. तीन खोल्यांना ८.३ बॉक्स लागत असतील तर नऊ-नऊ करत २७ होतात. आधी बेरीज केली तर २४.९, म्हणजे २५. वाचलेल्या दोनपैकी एक राखीव म्हणून घ्या.

सगळा माल एकदम घ्या आणि प्रत्येक बॉक्सवरचा बॅच नंबर व शेड जुळतेय का ते उतरवून घेतानाच पाहा. भट्टीच्या दोन खेपांमध्ये रंगात फरक पडतो, कधी मापातही एखाद्या मिलिमीटरचा, आणि मग सांध्यांची रेघ पुढे जाऊन चुकते. न उघडलेले बॉक्स परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

आपल्या १० बाय १२ च्या खोलीला, दोन्ही कडांना सारखे तुकडे हवे असतील तर मी १२ बॉक्स सांगेन: ४२ फरशीला आणि सहा हाताशी. त्यातल्या दोन-तीन कापताना फुटतील. उरलेल्या घरात ठेवा. पुढे कधी नळाची लाइन दुरुस्त करायला फरशी फोडावी लागली तर त्याच शेडची टाइल बाजारात मिळणार नाही. त्या आडव्या न रचता भिंतीला टेकवून उभ्या ठेवा, आणि बॉक्सच्या लेबलचा तुकडा कापून मागच्या बाजूला चिकटवून द्या.